क्रांतिज्योती सावित्रीमाई : संकटाच्या आधीची तयारी



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची ही स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हाला मनापासून आनंद होत आहे. स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा बैठकीत सर्वांच्या तोंडून एकच नाव आले, सावित्रीमाई फुले. माईंची मुलींची शाळा, त्यांच्या अंगावर फेकलेले शेण आणि तरीही न थांबलेले पाऊल हे आपल्या घरातल्या चिमुकल्यांनाही तोंडपाठ आहे. दर ३ जानेवारीला आपल्या वस्तीतल्या पोरी लुगडं नेसून माई होतात, धिटाईने भाषण करतात आणि आयाबायांचे डोळे भरून येतात.

परंतु माईंच्या आयुष्यातला एक भाग आपण घाईघाईने उरकतो. १८७७ चा दुष्काळ आणि १८९७ चा प्लेग, या दोन संकटांत माईंनी काय केले, आणि ते त्यांना का करता आले? आम्ही या वर्षी मुद्दाम तेवढ्याच बाजूने माईंचे चरित्र लिहावयाचे ठरविले. त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे आमचीच एक चूक.

२०२० च्या एप्रिल महिन्यात कोरोनामुळे सगळे बंद होते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली आपली पोरं कोणी ट्रकमध्ये, कोणी पायी गावाकडे निघाली होती. आपल्या तरुणांनी वर्गणी केली, तांदूळ, डाळ, तेल, मिठाच्या थैल्या भरल्या आणि वाटल्या. मन मोठे होते, धावपळही खूप झाली. पण नंतर कळले की रस्त्याला लागून असलेल्या घरांत थैली तीन-तीनदा गेली आणि मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडे एकदाही गेली नाही. का? तर आमच्याकडे यादीच नव्हती. कोणाच्या घरी म्हातारे एकटे आहेत, कोणाला रोजची गोळी लागते, कोणती बाई बाळंतपणाला आली आहे, काही लिहून ठेवलेले नव्हते. ती म्हातारी माय रागावली नाही, पण आम्हाला मान खाली घालावी लागली. तेव्हापासून मनात होते की माईंच्या कामाकडे या नजरेने एकदा पाहावे.

बालपण आणि शाळा

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. सासरी आल्यावर जोतीरावांनी त्यांना शिकविले आणि पुढे त्यांनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले. १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. अस्पृश्य मुलामुलींसाठीही शाळा निघाल्या. शूद्रातिशूद्रांना शिकविले म्हणून नवरा-बायकोला घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. १८५४ मध्ये माईंचा काव्यफुले हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुढे पन्नास वर्षे माईंनी जी संकटे अंगावर घेतली, त्यांची तयारी या शाळांतच झाली. कोणाच्या झोपडीत किती लेकरं आहेत, कोणाची माय आजारी आहे, कोणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही, हे दारोदार फिरून मुली गोळा करणाऱ्या बाईला माहीत होणारच. शाळेसाठी वस्तीत जाणे म्हणजे वस्ती ओळखणे. ही ओळख एका दिवसात होत नाही.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी जीव देऊ नये, लेकराचा जीव घेऊ नये, यासाठी त्यांनी दार उघडे ठेवले. तिथली बाळंतपणे माईंनी स्वतः केली. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. बाळंतिणीची खोली, पाण्याचा हौद, शिकविणारी बाई, हे सगळे आधीपासून त्या घरात होते. उद्या संकट आले तर कोणते दार ठोठवायचे हे पुण्याच्या गरिबाला माहीत झाले होते.

१८७७ चा दुष्काळ

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. भटजीशिवाय लग्न लावणे, मुलांना शिकविणे, व्यसन सोडणे अशी कामे समाज करू लागला. गावोगाव सभासद झाले. महिलांचे काम माईंकडे होते. अजून तीन वर्षे झाली नव्हती तोच १८७६ मध्ये पावसाने दगा दिला आणि दख्खनवर दुष्काळ कोसळला. हा दुष्काळ साधा नव्हता. दक्षिण आणि पश्चिम हिंदुस्थानात १८७८ पर्यंत त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे.

एप्रिल १८७७ मध्ये माई जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पाठविलेले पत्र आज उपलब्ध आहे. नदीनाले आटले आहेत, झाडांना पान राहिले नाही, जनावरे पटापट पडत आहेत, माणसे गाव सोडून चालली आहेत, काही तर पोटच्या पोरी विकत आहेत, असे त्यांनी कळविले. पण पत्र रडगाण्यावर थांबत नाही. सत्यशोधकांनी कमिट्या केल्या आहेत, मदतीच्या तुकड्या केल्या आहेत, कोण कोण आपल्यासोबत फिरले, कोणी पैशाची मदत केली, जोतीरावांनी साताऱ्याहून आधी ओतूरला यावे आणि मग नगरला जावे हे बरे, असा सगळा हिशेब त्यात आहे. एखादा कार्यवाह जसा अहवाल देतो तसे ते पत्र आहे.

त्याच पत्रात सावकारांच्या जुलमाची आणि त्यातून झालेल्या दंग्याची हकिकत आहे. पोलिसांनी पन्नास सत्यशोधक कार्यकर्त्यांना धरले. कलेक्टरने माईंना बोलाविले. माई गेल्या, आणि निरपराध माणसांना का धरले असे त्यांनी तोंडावर विचारले. कलेक्टर समजूतदार निघाला. त्याने कार्यकर्त्यांना सोडून दिले आणि लोकांसाठी चार गाड्या ज्वारी पाठविली. विचार करा, १८७७ साल, एक बाई, आणि समोर गोरा अंमलदार! माईंच्या मागे काम उभे होते, कार्यकर्ते कोण हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांचे बोलणे ऐकले गेले. नुसते निवेदन घेऊन गेल्या असत्या तर कदाचित दारातूनच परत यावे लागले असते.

पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला गेला. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर विनंतीपत्रक काढले. रोज सुमारे एक हजार मुलांच्या पोटात तिथे अन्न पडत होते. आपल्याकडे भोजनदान केले की पाचशे ताटांना किती धावपळ होते ते मायमाउल्यांना विचारा. इथे तर पंगत एक दिवसाची नव्हती. पीठ कोठून येणार, सरपण कोण आणणार, पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, आजारी लेकरू वेगळे कोण बसविणार, हे सगळे रोजच्या रोज ठरलेले असल्याशिवाय हजार लेकरांना जेवू घालता येत नाही.

या दुष्काळानंतर सरकारला जाग आली. चौकशी आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. पाऊस किती कमी झाला म्हणजे काय करायचे, कामे कुठे काढायची, अन्न कोणाला फुकट द्यायचे हे आधीच लिहून ठेवायचे, अशी ती पद्धत. लाखो माणसे गेल्यावर सरकार जे शिकले, त्याची सुरुवात सत्यशोधकांच्या कमिट्यांनी आपल्या परीने दुष्काळ चालू असतानाच केली होती.

आपल्या वऱ्हाडालाही हे चटके चुकले नाहीत. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात वऱ्हाड होरपळून निघाले. वाशिम तेव्हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला. १९७२ चा दुष्काळ तर आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगावर काढला आहे. खडी फोडायचे काम, सुकडी, आणि ती लाल मिलो ज्वारी, या गोष्टी आजही ओट्यावर निघतात.

प्लेग आणि शेवटची सेवा

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून वाद निघाला तेव्हा माईंनी ते स्वतः हातात घेतले. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुराही त्यांनीच वाहिली. १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या समाजाच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. वय साठीच्या पुढे गेले होते, घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. तरी १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा माई पुन्हा कामाला लागल्या.

तेवढ्यात दुसरे संकट आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. काही महिन्यांत तो पुण्यात शिरला. काखेत, जांघेत गाठ येई, ताप चढे आणि दोन-चार दिवसांत माणूस जाई. तेव्हा प्लेगवर औषध नव्हते. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे हा रोग पसरतो हे १८९८ मध्ये, म्हणजे माईंच्या मृत्यूनंतर, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले. प्लेगची लस हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत तयार केली, पण ती अजून सर्वांपर्यंत पोचलेली नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुढे रँडच्या हुकमाने सैनिक पुण्यातली घरे तपासू लागले आणि लोक रोगी लपवू लागले. रोगाची भीती होतीच, तीत सरकारची भीती मिसळली.

सैनिकांची ती तपासणी सुरू होण्याआधीच माई कामाला लागल्या होत्या. यशवंत डॉक्टर होऊन लष्करी नोकरीत होता. माईंनी त्याला बोलावून घेतले. पुण्याच्या बाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, मोकळ्या माळावर मायलेकांनी दवाखाना उघडला. ही जागा अचानक कोठून मिळाली? हडपसरचे ससाणे हे सत्यशोधक घराणे. ज्ञानोबा ससाणे यांची मुलगी राधा हिचे १८८९ मध्ये यशवंतशी सत्यशोधक पद्धतीने लग्न झाले होते. राधा १८९५ मध्ये वारली, पण दोन घरांचा लोभ तुटला नाही. म्हणजे पाहा, जागा नात्यातून मिळाली, डॉक्टर घरातून मिळाला आणि विश्वास पन्नास वर्षांच्या कामातून मिळाला. पैसा तर माईंकडे नव्हताच.

दाटीवाटीच्या वस्तीतून रोगी बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेवणे, घरच्यांपासून वेगळा करणे, खायला-प्यायला देणे, एवढाच इलाज त्या काळी हातात होता आणि तो योग्यच होता. परंतु रोगी आणायचा कोणी? प्लेगचे नाव काढताच सख्खा भाऊ पळून जाई. आणि रोगी अस्पृश्य असेल तर मग विचारायलाच नको.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला प्लेगची गाठ आली. माईंना कळले. सहासष्ट वर्षांच्या माईंनी त्या लेकराला आपल्या पाठीवर घेतले आणि ससाणे मळ्यातल्या दवाखान्यात आणून पोचविले. वाचकहो, ते पोर आपलेच होते. बाबासाहेबांनी जोतीरावांना आपल्या तीन गुरूंमध्ये मानले, हे आपण नेहमी सांगतो. पण बाबासाहेब जेमतेम पाच वर्षांचे होते तेव्हा, ज्या वस्तीची सावलीही लोक चुकवीत होते त्या वस्तीतले लेकरू माईंनी पाठीवर घेतले, हे ऋणही आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

त्या सेवेत माईंना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांची प्राणज्योत मालवली. यशवंतरावांनीही आईचीच वाट धरली. १९०५ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांचे निधन झाले.

माईंपासून काय घ्यावे

माईंच्या त्यागापुढे आपण नतमस्तक आहोतच. मात्र नुसता त्याग सांगून थांबलो तर माईंवर अर्धाच न्याय होईल. त्या भावनेच्या भरात धावून गेलेल्या बाई नव्हत्या. संकट येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी माणसे जोडली, घरे ओळखली, कामे वाटून दिली, अंमलदाराशी बोलायची हिंमत कमावली. संकट आले तेव्हा त्यांना फक्त सुरुवात करावी लागली, आमच्यासारखी शोधाशोध नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही जड मनाने लिहितो. माईंच्या वेळी रोग कसा पसरतो हेच माहीत नव्हते, म्हणून सेवा करता करता त्या गेल्या. आज आपल्याला माहीत आहे. मग आपल्या कार्यकर्त्याने मास्क-हातमोज्याशिवाय रोग्याजवळ जाणे, पुराच्या पाण्यात दोरीशिवाय उतरणे, विजा चमकत असताना झाडाखालच्या माणसाला आणायला धावणे, याला आम्ही माईंचा वारसा म्हणणार नाही. सेवा करणारा जगला तरच सेवा चालू राहील.

आपल्या जिल्ह्यात संकटे कोणती ते सर्वांना ठाऊक आहे. सोयाबीनच्या हंगामात शेतात पडणारी वीज, पैनगंगेचा पूर, गारपीट, मे महिन्याचे ऊन, पावसाळ्यातला सर्पदंश, पाणीटंचाई आणि साथीचे आजार. यातले एकही सांगून येत नाही, पण साधारण कोणत्या महिन्यात काय येते हे आपल्याला कळते. म्हणून स्मरणिका समितीच्या वतीने पुढील कामे विहारापुढे ठेवीत आहोत.

पहिले काम यादीचे. प्रत्येक गल्लीतली एक उपासिका आणि एक तरुण मिळून घरनिहाय वही भरतील. एकटे वृद्ध, अपंग, गरोदर माता, तान्ही बाळे, रोजचे औषध लागणारे आणि बाहेरगावी कामाला गेलेले, यांची नोंद त्यात राहील. वर्षावास सुरू होताना आणि ३ जानेवारीला अशी वर्षातून दोनदा ही वही तपासायची. वही दोघांच्याच ताब्यात राहील, कारण घरची गोष्ट चव्हाट्यावर येता कामा नये.

दुसरे काम वाटणीचे. निरोप कोण देणार, दवाखान्यात कोण नेणार, स्वयंपाक कोण पाहणार, पैशाचा हिशेब कोण ठेवणार, हे आजच ठरवायचे. प्रत्येक कामाला दोन माणसे, म्हणजे एक गावाला गेला तर दुसरा आहे. गाडी कोणाची, तिची किल्ली रात्री कोठे असते, हेही लिहून ठेवायचे.

तिसरे काम विहाराच्या वास्तूचे. पूर आला, घर पडले, तर आसरा म्हणून विहार उघडायचा. किल्ली तीन घरी ठेवायची. पाण्याची टाकी भरलेली, बॅटरी, दोरी, सतरंज्या, प्रथमोपचार पेटी आणि क्षारसंजीवनीची पाकिटे कपाटात तयार असावीत. पाकिटांवरची मुदत महिला मंडळाने पाहत जावी.

चौथे काम सरकारी दाराचे. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. माई कलेक्टरला भेटल्या, तसे आपणही संकट नसताना तहसील कार्यालयात, आरोग्य केंद्रात जाऊन ओळख करून यावे. १०८ ही रुग्णवाहिका, ११२ ही पोलिसांसह तातडीची मदत आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्ष, हे तीन आकडे विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावेत. साप चावला तर मांत्रिकाकडे नव्हे, सरळ सरकारी दवाखान्यात, हेही त्याखाली लिहावे.

पाचवे काम सरावाचे. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वीच्या एका रविवारी, बुद्धवंदनेनंतर तासभर सराव करायचा. निरोप निघाल्यापासून शेवटच्या घरापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहायचे. आणि सुरुवात मागच्या गल्लीपासून करायची.

यात खर्च फार नाही. एक वही, थोडे सामान आणि आपला वेळ. पुतळ्याला हार घालणे सोपे आहे आणि तो आपण घालणारच. पण पुढच्या ३ जानेवारीला आपली लेक माई होऊन उभी राहील, तेव्हा तिच्या हातात ती भरलेली वही असावी, एवढीच आमची इच्छा आहे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम, जयज्योती, जय सावित्री!

— स्मरणिका समिती